सातवीच्या इंग्रजीसाठी सिनेमा आणि गाणी नेमकी कशी वापरता?

खडू_डस्टर:
नमस्कार मंडळी. जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. वर्गातली निम्मी पोरं घरी कन्नड बोलतात, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी. म्हणजे इंग्रजी त्यांची चौथी भाषा, आणि शाळेबाहेर ती कानावर पडत नाही म्हटलं तरी चालेल.

गावाने लोकवर्गणी काढून शाळेला मोठा टीव्ही दिलाय. त्यावर इंग्रजी कार्टून लावलं की पोरं खदखदून हसतात, पण ते चित्र बघून. "काय म्हणाला तो?" विचारलं की सगळे माना खाली घालतात. गाण्याचंही तेच. चाल एका दिवसात उचलतात आणि शब्दांच्या जागी "ना ना ना". त्यात केंद्रप्रमुख दारात उभे राहून विचारतात, "काय बाई, आज पिक्चर का?"

ज्यांनी हे खरंच वर्गात केलंय त्यांनी सांगा: कुठला सिनेमा, किती वेळ, खाली मराठी ओळी असाव्यात की नकोत? आणि शाळेत असं दाखवणं कायद्यात बसतं का?

माणदेशी_मास्तर:
ताई, अख्खा सिनेमा लावायचाच नाही. दोन-अडीच मिनिटांचा तुकडा घ्यायचा, आणि तोही पहिल्यांदा आवाज बंद करून. टीव्ही गप्प बसला की बोलायचं काम पोरांवर येतं. आटपाडीकडे हायस्कूलला इंग्रजी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यातून एवढं पक्कं झालंय. पडद्यावरचे लोक फाडफाड बोलत असतील तर आपली पोरं तोंड उघडत नाहीत.

चॅप्लिनचा 'द किड' घ्या, १९२१ चा मूकपट. त्यात एक पोरगं लोकांच्या खिडक्यांवर दगड मारतं, आणि काच फुटली की पाठीवर काचा बांधलेला चॅप्लिन "काच बसवायची का?" करत हजर होतो. दोघांचा धंदाच तो. एकदा पोरगं दगड घेऊन नेम धरतं, हात मागे नेतं, तर हात लागतो मागे उभ्या असलेल्या पोलिसाला. इथे थांबवा. हात हवेत, दगड मुठीत. आता विचारा: "व्हॉट इज ही गोइंग टू डू?" सगळा वर्ग ओरडतो, "थ्रो! थ्रो स्टोन!" मग फळ्यावर पूर्ण वाक्य लिहा, "ही इज गोइंग टू थ्रो अ स्टोन." हे 'गोइंग टू' तक्त्यावरून शिकवताना माझ्या तोंडाला फेस यायचा. त्या अडकलेल्या हाताकडे बघून ते आपोआप कळतं, कारण गोष्ट अजून घडलेलीच नाही. पुढे चालू करा, पोरगं दगड टाकून देतं, पुन्हा थांबवा: "ही हॅज ड्रॉप्ड इट." शब्द अडला तर कन्नडमधून येऊ दे, मराठीतून येऊ दे, तुम्ही इंग्रजी शब्द पुरवा. काच बसवणाऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते शिकवत बसू नका, 'ग्लास मॅन'वर भागतं.

दुसऱ्या दिवशी तोच तुकडा. जोड्या लावा, जोडीतल्या एकाची पाठ टीव्हीकडे. बघणाऱ्याने इंग्रजीत सांगायचं, पाठमोऱ्याने वहीत चित्र काढायचं. चित्रात पोलीस पोराच्या पुढे आला की भांडण लागतं, "बिहाइंड! बिहाइंड!" त्या वर्गातलं कुणी पुढे 'बिहाइंड' विसरलं नाही. गोंगाट मात्र भयंकर होतो, शेजारच्या वर्गाला आधी कल्पना द्या. केंद्रप्रमुखांना त्याच तासाला बोलवा आणि त्यांचीही पाठ टीव्हीकडे करून बसवा.

गाण्याबद्दल. चाल आधीपासून पोरांच्या अंगात असेल असं गाणं घ्यावं, म्हणजे कान शब्दांसाठी मोकळा राहतो. 'हम होंगे कामयाब' परिपाठाला म्हणत असालच. गिरिजाकुमार माथुरांनी ते ज्यावरून केलं ते 'वी शॅल ओव्हरकम' घ्या. संथ आहे, ओळी परत परत येतात, आणि अर्थ पोरांना आधीच ठाऊक. विरुद्धार्थी शब्दांसाठी बीटल्सचं 'हॅलो, गुडबाय' (१९६७): येस-नो, स्टॉप-गो, हाय-लो, सगळं त्यात आहे. वर्गाचे दोन गट करून सवाल-जवाबासारखं म्हणवून घ्या. नव्या जमान्याची गाणी पोरांना जास्त आवडतात हे खरं, पण त्यातले शब्द मला ऐकू येत नाहीत, पोरांना कुठून येणार?

आता माझा लाडका मुद्दा. आपल्या भाषांत अक्षरं साधारण एका चालीने चालतात. इंग्रजीत ठोका मोजक्या शब्दांवर पडतो आणि मधले शब्द चेंगरून जातात, म्हणून आपल्याला "काय बोलले कळलंच नाही" होतं. कॅरोलिन ग्रॅहम या अमेरिकन बाईंनी यावर 'जॅझ चँट्स' नावाचा प्रकार काढला, १९७८ मध्ये पुस्तक आलं. जॅझ आपल्याकडे कुठून आणणार? लेझीम आहे, हलगी आहे. तीन ठोके धरा आणि म्हणा:

बॉइज – ईट – राइस.
द बॉइज – आर ईटिंग – द राइस.
द बॉइज – हॅव बीन ईटिंग – द राइस.

शब्द वाढले तरी ठोके तीनच, हलगी थांबत नाही. मधले 'हॅव बीन' कसेबसे घुसवावे लागतात, आणि ते घुसवताना पोरांच्या तोंडून जे निघतं ते खऱ्या इंग्रजीच्या बरंच जवळ असतं. (इंग्रजी पुस्तकांत हाच नमुना 'फिश' घालून देतात. आमच्याकडे निम्मी माळकरी घरं, म्हणून मी भात केला.)

रंगोली_रविवार:
मास्तरांना +१. खालच्या ओळींबद्दल थोडं: मराठी नकोत. मराठी दिसली की डोळा तीच वाचतो आणि कान सुट्टीवर जातो. इंग्रजी संवादाखाली इंग्रजीच ओळी ठेवा.

यामागे एक गंमतीची गोष्ट आहे. ब्रिज कोठारी अमेरिकेत शिकत असताना मित्रांबरोबर स्पॅनिश सिनेमा बघत होते, खाली इंग्रजी ओळी. ते तेव्हा स्पॅनिश शिकत होते, त्यामुळे वाटलं, याच ओळी स्पॅनिशमध्ये असत्या तर ऐकलेलं पकडता आलं असतं. त्यातूनच हिंदी गाण्यांखाली हिंदी ओळी देण्याची कल्पना निघाली. १९९६ पासून अहमदाबादच्या आयआयएममधून त्यांनी ते काम उभं केलं, आणि 'चित्रहार'मध्ये गाण्याबरोबर रंग बदलत जाणारी अक्षरं आली. त्यांचा भर साक्षरतेवर होता, पण कल्पना जन्मली परकी भाषा शिकतानाच. माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. पाठ असलेलं गाणं लागलं की खालच्या ओळीवर बोट फिरवत म्हणायची.

शंकासुर:
सगळं छान, पण गाण्यातलं इंग्रजी पोरं पेपरात लिहून आली तर? 'गॉना', 'वॉना', 'ही डोन्ट'. आमच्या शाळेत पालकांची तक्रार ठरलेली: स्पेलिंग येत नाही आणि गाणी कसली म्हणताय?

माणदेशी_मास्तर:
शंका रास्त आहे, म्हणून तर गाणं निवडायचं मास्तरने, पोरांनी नव्हे. स्पेलिंग गाण्याने येत नाही, त्याला घोटूनच घ्यावं लागतं. पण दहावीला तोंडीचे जे गुण आहेत त्यांची तयारी कोण कधी करून घेतं? सगळ्यांना सरसकट अठरा-एकोणीस देऊन मोकळे होतो आपण. पोरगं पुढे पुण्याला मुलाखतीला जाऊन घाम पुसत बसतं तेव्हा ते अठरा गुण त्याच्या कामाला येत नाहीत.

वायरमन:
मी शिक्षक नाही, शाळांचे प्रोजेक्टर-टीव्ही दुरुस्त करतो. दोन गोष्टी.

लॅपटॉप असेल तर व्हिडिओ चालवायला व्हीएलसी हे सॉफ्टवेअर वापरा. त्यात डावा चौकोनी कंस दाबला की वेग थोडा थोडा कमी होतो आणि आवाज घोगरा होत नाही. दुसरं, सबटायटलची, म्हणजे त्या खालच्या ओळींची, एसआरटी नावाची वेगळी फाइल असते, ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते. वेळेचे आकडे तसेच ठेवा, ओळीतला हवा तो शब्द खोडून तिथे रेघ मारा, सेव्ह करा. फाइलचं नाव सिनेमाच्या नावासारखंच ठेवून एकाच फोल्डरमध्ये टाका. गाळलेल्या जागा थेट पडद्यावर, झेरॉक्सचा खर्च वाचला.

आणि मॅडम, पत्र्याची खोली असेल तर टीव्हीच्या आवाजावर भिस्त ठेवू नका, घुमतो. छोटा स्पीकर घेऊन पोरांच्या मधोमध ठेवा.

कलम_बहाद्दर:
कायद्याचं राहिलं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२. शाळेच्या उपक्रमात दाखवताना प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी, पालक आणि शाळेशी संबंधित माणसं एवढेच असतील तर तो भंग धरत नाहीत. तोच सिनेमा गणपतीत सगळ्या गावाला दाखवलात तर ही सवलत नाही. 'द किड'ची तर चिंताच नको. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं, तो कधीच संपला.

खडू_डस्टर:
सगळ्यांचे आभार. चॅप्लिनचा तुकडा कालच लावला. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी पोरं उठेनात. एरवी हजेरीलाही धड 'येस मॅडम' न म्हणणारी एक मुलगी उभी राहून म्हणाली, "पोलीस इज स्टँड बॅकसाइड." मी काही बोलले नाही, पण मनात आलं, दुरुस्त करायचं की नाही? मास्तर, तुम्ही काय करायचात?

माणदेशी_मास्तर:
त्या वेळी नाही, पुन्हा बसेल ती खाली. बोलून झालं की मान डोलवायची आणि आपण सहज म्हणायचं, "येस, द पोलिसमन इज स्टँडिंग बिहाइंड हिम." तास संपता संपता अशी दोनच वाक्यं फळ्यावर लिहायची, कुणाची ते सांगायचं नाही, आणि वर्गाकडूनच नीट करून घ्यायची. दोनाच्या वर गेलात की व्याकरणाचा तास झाला. आणि परवा तोच तुकडा पुन्हा लावा, त्या मुलीची पाठ टीव्हीकडे करून.