रोलप्लेमधली लढाई: वार तुमचा, जखम समोरच्याची (अनुभव धागा)

लेखी रोलप्लेमध्ये, म्हणजे प्रत्येकाने आपल्या पात्राच्या वतीने आळीपाळीने पोस्ट लिहून खेळायच्या कथेत, लढाईचा प्रसंग आला की विचका बहुतेक दोनच प्रकारे होतो. एक जण पहिल्याच पोस्टमध्ये समोरच्याचं मुंडकं उडवून मोकळा होतो. नाहीतर दुसरा वीस पोस्ट झाल्या तरी अंगाला ओरखडा लागू देत नाही. समोरच्याच्या पात्राचं आपणच ठरवून टाकणं म्हणजे पॉवरप्ले, आपलं पात्र अभेद्य ठेवणं म्हणजे गॉडमोडिंग. बोलताना लोक दोन्हीला गॉडमोडिंगच म्हणतात.

व्हिडिओ गेममध्ये कोणाला किती लागलं ते प्रोग्राम मोजतो. इथे दोघांच्या मध्ये फक्त वाक्यं असतात, म्हणून सगळा न्याय एका गोष्टीवर उभा आहे: वार करणाऱ्याने प्रयत्न लिहायचा, परिणाम ज्याच्या अंगावर होणार त्याने. हे तत्त्व सगळ्यांना पाठ असतं, पण प्रत्यक्ष पोस्ट लिहिताना निसटतं. नेमकं कुठे निसटतं आणि तिथे तुम्ही काय करता, ते इथे लिहा. किस्से नकोत, रीत सांगा.

*

आपल्याकडे पहिली चूक क्रियापदात होते. 'त्याने भाल्याने तिचा खांदा फोडला' या वाक्याने निकाल लागून गेला. कर्म समोरच्याचं शरीर आणि क्रिया पूर्ण झालेली! संयुक्त क्रियापदं त्याहून घातक: फोडून टाकला, छाटून काढला, पाडून दिलं. टाकणं, काढणं, देणं मागे लागलं की समोरच्याला हलायलाही जागा उरत नाही.

उपाय सोपा आहे. कर्म आपल्या ताब्यातलं ठेवायचं, म्हणजे आपलं शस्त्र, आपला हात, आपला पाय. समोरच्याचा अवयव 'च्या रोखाने' किंवा 'वर नेम धरून' अशा रूपात आणायचा. आणि शस्त्र हवेत असतानाच वाक्य संपवायचं. 'त्याने उजवा पाय पुढे टाकला आणि भाल्याचं पातं तिच्या डाव्या खांद्याच्या रोखाने ढकललं.' इथे 'ढकललं' हे पूर्ण झालंय, पण जे झालं ते भाल्याचं झालं. खांद्याचं काय होतं ते ती लिहील.

दर वाक्यात 'प्रयत्न केला' मात्र ठोकू नका. 'मारण्याचा प्रयत्न केला, पाडण्याचा प्रयत्न केला' हे पंचनाम्यासारखं वाचतं. योग्य कर्म निवडलं की त्या शब्दांची गरजच पडत नाही.

भावनांनाही हाच नियम लावा. 'त्याची नजर पाहून ती थरथरली' हाही ऑटो-हिटच आहे, म्हणजे समोरच्यावरचा परिणाम आपणच लिहून टाकणं. 'त्याने तिच्यावरची नजर हलवली नाही', एवढ्यावर थांबा. थरथरायचं की हसायचं, ते तिचं.

*

वरच्या व्याकरणाच्या मुद्द्याला जोड. इसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉने सुरू केलेल्या आणि रिचर्ड बार्टलने पुढे नेलेल्या पहिल्या मडमध्ये (अनेकांनी एकत्र खेळायचा, फक्त मजकुरावर चालणारा संगणक खेळ) लढाई प्रोग्रामच सोडवायचा. पुढे १९८९ च्या टायनीमडपासून निघालेल्या मश वगैरे शाखांत लोक स्वतः वाक्यं लिहून भूमिका करू लागले. तिथली 'पोज' कमांड आणि आयआरसी या जुन्या गप्पांच्या सेवेवरची 'स्लॅश मी' यांचं काम सारखंच: तुम्ही लिहिलेल्या मजकुराआधी तुमचं नाव आपोआप बसतं. म्हणजे वाक्याचा कर्ता तुम्हीच. त्या नावाला 'ने' लागत नाही, त्यामुळे मराठीत लिहायचं तर 'रणजित पट्टा फिरवला' चालणार नाही, 'रणजित पट्टा फिरवतो' असंच लिहावं लागतं. वर्तमानकाळात क्रिया चालू राहते आणि निकाल उघडा राहतो. नवख्यांना मी पहिल्या काही लढाया वर्तमानकाळातच लिहायला सांगतो. हात बसला की भूतकाळात जावं.

*

पोस्टमध्ये काय कुठे यावं, त्याबद्दल. मी चार गोष्टी याच क्रमाने लिहिते: आलेल्या वाराचं काय झालं, त्याची किंमत काय पडली, आता कोण कुठे उभं आहे, आणि आपला एकच वार. पहिली गोष्ट गाळून थेट चौथीवर उडी मारणं हा सगळ्यात मोठा अन्याय, कारण समोरच्याने खपून लिहिलेला वार हवेत विरतो.

वर दिलाय तसाच भाल्याचा वार एका पटाईतावर, म्हणजे दांडपट्टा चालवणाऱ्यावर आला, त्याचं उत्तर बघा:

'भाल्याचं टोक येताना दिसलं तसा तो डावीकडे वळला, पण पाऊल ओल्या दगडावरून सरकलं. टोक उजव्या दंडाला चाटून गेलं, बाही फाटली आणि रक्त आलं. काठी आता त्याच्या उजव्या अंगाला होती. ती मागे खेचली जायच्या आत तो एक पाऊल आत शिरला आणि त्याने पट्टा खालून वर, भालाईताच्या पुढच्या गुडघ्याच्या रोखाने फिरवला.'

हुकवलं, पण पूर्ण नाही. ओला दगड आधीच्या प्रसंगात आलेला होता, आयत्या वेळी उगवला नाही. दंड उजवा, म्हणजे पट्टा धरलेलाच, तेव्हा पुढच्या पोस्टपासून वार मंदावले पाहिजेत. आणि भाला लांबून मारणारं शस्त्र असल्याने आत शिरणं हा खरा फायदा आहे, तो पटाईताने पाऊल टाकून कमावला.

शस्त्राची माहिती असेल तर भांडणं निम्मी होतात. दांडपट्ट्यात हात लोखंडी खोबळ्यात असतो, मनगट वळत नाही, वार कोपरातून आणि खांद्यातून निघतो. पातं लांब आणि लवचीक, त्यामुळे ते कापायचं शस्त्र आहे. कोणी पट्ट्याने चिलखताच्या फटीत बारीक भोसकायला लागला तर त्याला तिथेच विचारावं.

एका पोस्टमध्ये एकच वार, फार तर जोडीचे दोन. 'हुकवलं तर लाथ, लाथ अडवली तर कोपर' अशी साखळी लिहू नका. समोरच्याने पहिल्यालाच वेगळं उत्तर दिलं की बाकी सगळं वाया जातं, आणि मग लिहिणारा ते वाया जाऊ नये म्हणून हट्ट धरतो.

*

लोक वाराबद्दल खूप बोलतात, मार खाण्याबद्दल कमी. माझ्या मते चांगला लढवय्या मार खाण्यावरून कळतो. प्रत्येक वेळी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत: माझ्या पात्राला तो वार दिसला का? हलायला जागा होती का? हलण्याइतका वेळ होता का? एकाचं उत्तर 'नाही' आलं तर वार लागला, पूर्ण नसेल तर अर्धा. बरोबरीच्या लढतीत तीन स्वच्छ वारांपैकी एक तरी अंगावर घ्यावा, असा माझा ढोबळ हिशेब. सलग चार हुकवले असतील तर पाचवा घ्याच.

जखमांची नोंद ठेवा. पोस्टखाली एक ओळ पुरते: 'उजवा दंड चाटला, डावा गुडघा लागला, ढाल गेली.' तीन पायऱ्या पुरेत: चाटलं, लागलं, निकामी. चाटलं तर दोन पोस्ट त्रास. लागलं तर लढाई संपेपर्यंत. निकामी म्हणजे तो अवयव वापरायचाच नाही. ही ओळ नसली की सातव्या पोस्टपर्यंत मोडलेला हात आपोआप बरा होतो. लबाडी क्वचित असते, बहुतेक वेळा नुसता विसर, पण समोरच्याला ती लबाडीच वाटते.

वेळेचं मापही आधी ठरवा. एक पोस्ट म्हणजे कथेतले तीन-चार सेकंद धरले, तर जखम बांधायला दहा-बारा पोस्ट लागतील, म्हणजे लढाईच्या मध्यात ते होणार नाही. दोन वारांच्या मध्ये पाच वाक्यांचं भाषणही बसत नाही.

*

मंत्र-तंत्र, शक्ती वगैरे असलेल्या खेळात सगळं पात्रपत्रिकेवर ठरतं. लढाई सुरू होण्याआधी पत्रिका गोठवायची. तीन शक्ती, प्रत्येकीची किंमत आणि प्रत्येकीची उणी बाजू लिहिलेली. 'वाऱ्यावर ताबा' हे अपुरं आहे. 'वीस पावलांच्या आत, दोन्ही हात मोकळे असताना, लागोपाठ दोनदा, मग धाप लागते', हे चालेल.

मोठ्या वाराची तयारी दिसली पाहिजे. दोन पोस्ट तयारी, तिसऱ्यात वार. त्या दोन पोस्टमध्ये समोरच्याला तयारी मोडण्याची संधी मिळते. 'मी मनातल्या मनात मघापासूनच तयारी करत होतो' हे मान्य करू नका, मागच्या पोस्टमध्ये शब्द दाखवा म्हणावं.

*

छुप्या चालींचं काय? सापळा लावलाय हे आधी लिहिलं तर समोरचा खेळाडू वाचतो, आणि वाचल्यावर त्याच्या पात्राला अचानक सुगावा लागतो.

*

हाच मेटागेमिंगचा गाभा. खेळाडूला जे कळलं ते पात्राला कळलं असं नाही. पण दोष नेहमी वाचणाऱ्याचा नसतो. मनातले डावपेच पोस्टमध्ये सविस्तर लिहायचे आणि समोरच्याने ते विसरावेत अशी अपेक्षा ठेवायची, हे अवघड आहे. डोळ्यांना आणि कानांना कळेल तेवढंच लिहा.

सापळ्यासाठी: चाल त्या वेळीच निवेदकाला किंवा पंचाला खाजगीत पाठवायची. पाठवल्याची वेळ त्या निरोपावर दिसते, आणि नंतर चाल बदलायची नाही. आणि उघड पोस्टमध्ये एक खरी खूण सोडायची, जसं 'वाटेतला पाचोळा एका जागी दाट होता'. ती खूण हेरून पात्राने तिथे काठी टेकवली तर सापळा उघडा पडला. खूण नसेल तर तो ऑटो-हिटच झाला, फक्त उशिराने.

*

तिघांपेक्षा जास्त लोक असले की क्रम लिहून काढल्याशिवाय सुरूच करू नये. चौघे, प्रत्येकाला २४ तास, म्हणजे एक फेरी चार दिवसांची आणि पाच फेऱ्या वीस दिवसांच्या. लोक कंटाळून उठतात. त्याऐवजी फेरी दोन भागांत करावी: पहिल्या २४ तासांत सगळ्यांनी वार लिहायचे, पुढच्या २४ तासांत सगळ्यांनी बचाव. माणसं कितीही असोत, फेरी दोन दिवसांत संपते. एका पात्रावर एका फेरीत दोघांहून जास्त वार नकोत, नाहीतर मधल्याला मरणाशिवाय उत्तरच नसतं.

मुदत ठरवताना घड्याळं बघा. पुण्यात रात्रीचे ९ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे १०:३०, उन्हाळ्यात ११:३०. तिथला माणूस ऑफिसात असतो. बारा तासांची मुदत एकाच बाजूला सोयीची पडते.

डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर खेळत असाल तर साध्या खात्याला एका संदेशात २,००० अक्षरं मिळतात, पण काना-मात्रा-हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'क्षा' म्हणजे चार. मराठीत सुमारे ३०० शब्दांत पोस्ट संपते, ते लढाईला भरपूर आहे. स्लो मोड (एकाच माणसाच्या दोन संदेशांमधलं सक्तीचं अंतर) सहा तासांपर्यंत लावता येतो, त्याने घाईघाईत दोनदा पोस्ट टाकणं थांबतं. संपादन मात्र लढाईत बंद ठेवा. बदल केल्याची खूण दिसते, पण आधी काय लिहिलं होतं ते इतरांना दिसत नाही. शुद्धलेखनाची चूक राहू द्या.

*

फासे वापरले तर वाद मिटतात, असं लोक समजतात. कोणता फासा, ते बघा. वीस बाजूंच्या फाशावर १ पडण्याची आणि १० पडण्याची शक्यता सारखीच, ५ टक्के. दोन साध्या फाशांच्या बेरजेत ७ पडण्याची शक्यता सहात एक, आणि ६ ते ८ मिळून सुमारे ४४ टक्के. म्हणजे दुसऱ्या पद्धतीत कसबी पात्र सहसा कसबीच राहतं, पहिल्यात नशीब उड्या मारतं. दोघांनी वीसचा फासा टाकला आणि एकाला ५ चा फायदा दिला, तर तो ७० टक्के वेळा जिंकतो, पावणेचार टक्के बरोबरी, उरलेले दुसऱ्याचे. एवढा फायदा द्यायचाय का, ते आधीच बोला. फासा फक्त 'लागलं की नाही' ठरवेल. 'कसं लागलं' हे तरीही मार खाणाऱ्यानेच लिहायचं.

*

मृत्यूबद्दल कोणी लिहिलं नाही. पात्र मारायचं तर त्या खेळाडूचा स्पष्ट होकार हवा, आणि तो लढाईआधी विचारायचा. चालू लढाईत विचारला तर हरणाऱ्यावर दडपण येतं. सुरुवातीलाच दुहेरी कंसात, म्हणजे पात्राबाहेर, चार गोष्टी ठरवाव्यात: मृत्यू चालेल का, कायमची जखम चालेल का, रक्त किती तपशिलात, आणि हरल्यावर पात्राचं काय होणार (कैद, माघार, शरणागती). छळ, लैंगिक हिंसा असले विषय कोणीही नको म्हटलं की नको, कारण विचारायचं नाही. चिडलेलं पात्र आणि चिडलेला खेळाडू यांत फरक कळेनासा झाला तर दुहेरी कंस उघडून नुसतं 'थांबू' लिहावं.

तक्रार करताना वाक्य उद्धृत करा, माणसावर घसरू नका. 'तू नेहमी गॉडमोड करतोस' यातून फक्त भांडण निघतं. 'तिसऱ्या ओळीत माझा हात तुटलाय, तो वार म्हणून परत लिहिशील का?' यावर दहांपैकी नऊ जण लगेच बदलतात. न पटलं तर पंचाकडे. पंच तिसरा माणूस हवा आणि त्याने वादाच्या शेवटच्या दोन पोस्टच बघाव्यात, अख्खी लढाई नाही.

*

आणि समोरचा मध्येच गायब झाला तर? आमच्याकडे ठरलेली मुदत उलटली की एक निरोप, मग आणखी ४८ तास.

*

आमच्याकडेही तसंच. त्यानंतर लढाई गोठवतो, जिंकली असं धरत नाही. पात्रांना वेगळं करणारी एखादी घटना निवेदक घालतो, पूल कोसळला किंवा रात्र पडली, आणि जखमांची शेवटची ओळ जशीच्या तशी जपून ठेवतो. तो महिन्याने परतला तरी उजवा दंड चाटलेलाच असतो.