चेहरा ब्लर केला म्हणजे झालं का? शाळकरी मुलीचा व्हिडिओ फिरतोय, कसा थांबवायचा?

अंत्रुजकार: आमच्या इथे फोंड्याकडे एका शाळकरी मुलीची छेड काढली त्याचा सीसीटीव्ही व्हिडिओ कालपासून सगळ्या ग्रुपवर फिरतोय. तक्रार झालीय, माणूस पण धरलाय, तरी लोकं "सावध रहा" लिहून पुढे ढकलतायत. एका लोकल चॅनलनं चेहरा ब्लर केला पण युनिफॉर्म दिसतोय, बॅगेवर ट्युशनचं नाव दिसतंय आणि मागे वाड्याची कमान, नावासकट. पोर शाळेत जायला तयार नाही. ग्रुपवर बोललो तर म्हणतात चेहरा कुठे दिसतोय?

वकील_म्हापसा: चेहऱ्यापुरतं नाहीये ते. पोक्सोच्या (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवणारा कायदा) कलम २३ मध्ये नाव, पत्ता, फोटो, घरचे, शाळा, शेजार, ज्यावरून मूल ओळखू येईल असं काहीच मीडियात देता येत नाही, शिक्षा सहा महिने ते एक वर्ष किंवा दंड किंवा दोन्ही. म्हणजे ती कमान पण आली त्यात. ग्रुपवाल्यांना बाल न्याय कायद्याचं कलम ७४ दाखवा, त्यात संपर्काची इतर साधनंही धरलीयत.

बार्देशची_माई: अहो कोर्टाच्या कागदातूनसुद्धा ओळख बाहेर पडते. २०२१ साली म्हापशाच्या सेशन्स कोर्टाच्या एका निकालात पीडितेच्या घरच्यांची नावं, ईमेल आयडी तसंच राहिलं होतं, हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाला ते काढून मग अपलोड करा असं सांगावं लागलं. ती बाई तर मोठी होती, ही शाळेतली पोर, तिनं आता बसमध्ये कसं चढायचं?

दिचोलीकर: पटतंय, पण व्हिडिओ फिरला म्हणूनच माणूस सापडला ना?

वकील_म्हापसा: माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या एकट्याचा फोटो कापून पोलिसांनी काढावा, मुलगी कशाला हवी त्यात? आणि आता तर तो आत आहे. अंत्रुजकार, ज्या दुकानाचा कॅमेरा आहे त्याला सांगा क्लिप वाटू नको पण डीव्हीआरमधलं (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र) रेकॉर्डिंग पुसूही नको, जुनं आपोआप ओव्हरराइट होतं तेव्हा पोलिसांना लगेच घेऊन जायला सांगा, कोर्टात सर्टिफिकेटसकट तेच लागतं. चॅनलची लिंक आणि स्क्रीनशॉट घेऊन मुलीच्या आईबरोबर पोलीस स्टेशनला लेखी द्या, सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीच्या सरकारी पोर्टलवर पण टाका.

अंत्रुजकार: दुकानदाराशी आत्ताच बोललो, मोबाईलमधली क्लिप काढतो म्हणाला, रेकॉर्डिंगला हात लावत नाही. ग्रुप अ‍ॅडमिनला कलम पाठवलंय, त्यानं व्हिडिओ सगळ्यांसाठी डिलीट केला. चॅनलवाला फोन उचलत नाही, सकाळी तिच्या आईला घेऊन स्टेशनला जातोय.