प्रतिकारशक्तीला ब्रेकही लागतो

एका चर्चेत कुणीतरी 'प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली' म्हणून काढ्याची कृती दिली आहे, तिथेच अडखळलो. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल नेमकं उलट गोष्टीसाठी मिळालंय: ही शक्ती आवरली कशी जाते. त्यातले एक मानकरी, जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की काही टी-पेशींचं (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) कामच मुळी बाकीच्यांना आवरणं हे आहे.

मला मात्र उंदरांची गोष्ट जास्त आवडते. अमेरिकेत ओक रिजच्या प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात काही नर पिल्लं विचित्र निघाली. कातडी खपल्यांनी भरलेली, प्लीहा सुजलेली, काही आठवड्यांत खलास. दोष एक्स गुणसूत्रावर, एवढं कळलं होतं. पण नेमका कुठे? याच नोबेलचे दुसरे दोन मानकरी, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी शेवटी २० संशयित जनुकं एकेक करून तपासली आणि सापडलं ते विसावं! (घराची किल्लीही पिशवीच्या तळाशीच असते.) तेच फॉक्सपी३, साल २००१. साकागुचींच्या त्या आवरणाऱ्या टी-पेशी घडतात त्या याच जनुकामुळे.

हेच जनुक लहान मुलांत बिघडलं की 'आयपेक्स' नावाचा आजार होतो. स्वतःच्याच संरक्षक पेशी आतडी, कातडी, स्वादुपिंडावर तुटून पडतात. तिथे काढा नाही, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात.