मोहोळकडे कायमचं राहायला जायचंय, खरं कसं असतं तिथलं रोजचं जगणं?

सीनाकाठचा
नमस्कार मंडळी. पुण्यात येऊन मला चौदा वर्षं झाली. गाव सोलापूर जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यात, सव्वाचार एकर रान, एक विहीर. वडील आता थकलेत आणि आई एकटीच धावपळ करते. माझं काम कॉम्प्युटरवरचं आहे, घरून करायला परवानगी मिळालीय. बायको तयार आहे, मुलगी चार वर्षांची. दिवाळीला आठ दिवस जाऊन येणं वेगळं आणि बारा महिने राहणं वेगळं, एवढं कळतं. जे राहतात त्यांनी मोकळेपणानं सांगा.

कोरडवाहू
मालक, मी २०१७ साली पुणे सोडून दक्षिण सोलापुरात वस्तीवर आलो. आधी एकच विचारतो. घर गावठाणात आहे की रानात? रानात असेल तर डांबरीपासून किती आत?

आमची वस्ती दीड किलोमीटर आत आहे. उन्हाळ्यात पाणंदीनं कारसुद्धा दारात येते. पाऊस पडला की तीच काळी माती चाकाला धरते, मडगार्डच्या आत गच्च बसते आणि मोटारसायकल ना पुढं सरकते ना मागं. काडीनं उकरायचं, दहा पावलं ढकलायची, परत उकरायचं. २०२० च्या ऑक्टोबरात जी अतिवृष्टी झाली, त्यात एका रात्री मुलीला ताप चढला, एकशे चार. शेजारच्या वस्तीवरच्या अण्णांना फोन केला. काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही त्यांनी. "पोरीला पोत्याची खोळ घाल, ट्रॅक्टर काढतो," एवढंच म्हणाले. बायको मडगार्डवर लेकीला छातीशी धरून बसली, मी मागं उभा, ओढ्याला गुडघाभर पाणी. डांबरीवर त्यांच्या पुतण्याची जीप येऊन थांबलेली. पुण्यात आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं होती, पण रात्री अकराला कुणाचं दार वाजवायला मी धजावलो नसतो. गावचा त्रास आणि गावचा आधार मी एकाच रात्री पाहिला.

त्यानंतर आम्ही तीन वस्त्यांनी वर्गणी काढून मुरूम टाकला. दर दोन वर्षांनी परत टाकावा लागतो.

दुसरं म्हणजे लाईट. शेतीपंपाची थ्री फेज आठ तास, तीही पाळीनं. रात्रपाळी आली की बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जायचं आणि सकाळी नऊला तुमची मीटिंग. शेत वाट्यानं द्या, निदान पहिलं वर्ष.

जुनं माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर असेल तर पाडू नका, हात जोडून सांगतो. मी पाडलं आणि पत्रे टाकले. एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर पांढरी माती टाकायची मेहनत परवडली असती.

आणि मी परत का जात नाही, तेही सांगतो. हस्ताच्या ओलीवर पेरलेली ज्वारी पुढं पाणी न देता येते. मालदांडी जात खायला, आणि बांधाकडेला चार ओळी गुळभेंडी हुरड्याला. संक्रांतीच्या आगंमागं सकाळी गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणीस राखेत खुपसायचं, काढून गरम असतानाच तळहातावर चोळायचं. हात भाजतो, पण थांबलं तर दाणा सुटत नाही. कोवळा हिरवा दाणा, वर शेंगाचटणी. माझी लेक आता स्वतः कणीस चोळते. दाण्यात दूध भरलंय की नाही हे ती नखानं दाबून सांगते. मला हे तिसाव्या वर्षी परत शिकावं लागलं.

मंगळवेढ्याची सून
दादा, वहिनी तयार आहेत म्हणता. कशाला तयार आहेत, ते बसून विचारलंत का? मी सोलापूर शहरातली, लग्नानंतर मंगळवेढ्याजवळच्या गावात आले. पहिल्याच आठवड्यात तीनदा तुरीची डाळ लावली, तिन्ही वेळा दाणा तसाच टणक. मला रडू फुटलं. सासूबाई म्हणाल्या, "तुझा दोष नाही गं, बोअरचं पाणी जड आहे. डाळीला आडाचं पाणी घे." असं कुणी सांगणारं घरात असलं की निभतं.

पण वर्षभर मला घराबाहेर पडायला कारणच नव्हतं. उशिरा उठले तरी गल्लीत चर्चा. स्कूटी शिकले, आठवडी बाजार स्वतः करायला लागले, तेव्हा जीव रमला. वहिनींच्या नावानं गाडी आणि त्यांचं स्वतःचं काम, या दोन गोष्टी आधी ठरवा. बाकी आमच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. चुलीवरची पहिली भाकरी ताटात पडली की दिवसाचा शीण जातो.

बांधावरून
इन्व्हर्टर घ्या आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. कडब्याच्या गंजीत बॅटरीशिवाय हात घालू नका, घोणस असते. चावलीच तर मंत्र-तंत्रात एक मिनिटही घालवू नका, सापाच्या विषावरचं औषध (अँटीव्हेनम) असलेला दवाखाना आजच माहीत करून घ्या.

सीनाकाठचा
सगळ्यांचे मनापासून आभार. घर रानातच आहे, डांबरीपासून आठशे मीटर, आणि माळवदाचंच आहे. पाडायचा विचार होता, तो आता सोडला. डाळीचा किस्सा बायकोला वाचून दाखवला, ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, स्कूटी आधी. जूनमध्ये पंधरा दिवस राहून बघतो.

कोरडवाहू
जूनमध्ये नको मालक, आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात. तेव्हा या, लेकीला घेऊन. आणि येण्याआधी शेजारी ट्रॅक्टर कुणाचा आहे ते आईंना विचारून नंबर फोनमध्ये घाला.