विषय: गणपतीच्या वर्गणीतली शिल्लक आणि न्युम्बानी

प्रेषक: सचिव

मंडळी, नमस्कार. उत्सवाचा हिशेब लागला, शिल्लक बरी आहे. ती इथल्या, नैरोबीच्या कॅरेन भागातल्या न्युम्बानीला, म्हणजे एचआयव्ही असलेल्या अनाथ मुलांच्या घराला द्यावी, अशी सूचना कार्यकारिणीत आली. एका रविवारी आपली मुलं घेऊन जाऊ, लाडू वाटू, स्मरणिकेसाठी फोटो काढू. मतं कळवा.

प्रेषक: अप्पा

हेतू चांगला आहे. पण द्यायचंच तर पंढरपूरच्या ‘पालवी’ला का नको? मंगलताई शहा तिथे हेच काम करतात, आणि ती आपल्या मुलखातली मुलं. न्युम्बानी चालवणाऱ्या सिस्टरांच्या पाठीशी चर्च आहेच. शिवाय आपल्या लहानग्यांनी तिथे एकत्र बसून खाणं, याची काही पालकांना धास्ती वाटते. त्यांच्या वतीने विचारतोय.

प्रेषक: ताई

अप्पा, धास्तीचं आधी सांगते. एकत्र जेवून, खेळून, मिठी मारून एचआयव्ही होत नाही. याच भीतीपायी नैरोबीच्या सरकारी प्राथमिक शाळांत न्युम्बानीच्या मुलांना प्रवेश मिळत नव्हता. २००३ पासून केनियात प्राथमिक शिक्षण मोफत झालं, तरी ही मुलं बाहेरच. संस्थेला हायकोर्टात जावं लागलं, तेव्हा कुठे जानेवारी २००४ मध्ये दारं उघडली. त्यांना पुन्हा तेच आपल्याकडून भोगायला लागू नये.

हे घर १९९२चं. फादर अँजेलो डी’अगोस्टिनो आणि लोरेटो या ख्रिस्ती साध्वींच्या संघाच्या आयरिश सिस्टर मेरी ओवेन्स यांनी ते सुरू केलं. फादर मुळात सर्जन, पुढे मानसोपचारतज्ज्ञ आणि जेझुइट संघाचे कॅथलिक धर्मगुरू. तपासणीत एचआयव्ही निघाला म्हणून टाकून दिलेली तान्ही बाळं त्यांनी आणली. पण आईच्या रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) बाळाच्या अंगात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे तीच शोधणाऱ्या साध्या चाचणीत निरोगी बाळही बाधित दिसतं. अशी कितीतरी बाळं पुढे निगेटिव्ह निघाली आणि दत्तक गेली. तेवढे महिने कुणी त्यांना मांडीवर घेतलं, दूध पाजलं, वाट पाहिली, म्हणून ती जगली. मला या कामातलं सगळ्यात मोठं हेच वाटतं: निकाल काय लागणार हे ठाऊक नसताना सांभाळणं.

ज्यांना खरंच लागण होती, त्यांच्यासाठी पहिली काही वर्षं औषधच नव्हतं. परदेशात तीन औषधांच्या उपचाराला माणशी वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर पडत. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने तोच उपचार ३५० डॉलरला देऊ केला. औषधावर नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट देणाऱ्या भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्यामुळे ते शक्य झालं. त्याच वर्षी डी’अगोस्टिनोंनी पेटंटची पर्वा न करता भारतातून जेनेरिक, म्हणजे तीच पण दुसऱ्या कंपनीने बनवलेली स्वस्त औषधं आणणार असं जाहीर केलं, आणि केनियाच्या संसदेनेही स्वस्त औषधांच्या आयातीला वाट करून देणारा कायदा केला. तेव्हा ‘आपली मुलं’ म्हणाल तर अप्पा, मुंबईचा आणि या घराचा धागा आपल्या मंडळाच्या कितीतरी आधीचा आहे.

मी इथे बरीच वर्षं केमिस्टच्या दुकानात काढली. लहान मुलांना तेव्हा देत त्या लोपिनावीर-रिटोनावीर या एचआयव्हीच्या औषधाचं पातळ सिरप इतकं कडू की मुलं थुंकून टाकत. त्यात ४२ टक्के अल्कोहोल, शिवाय ते थंड जागी ठेवायचं. सकाळ-संध्याकाळ, एकही वेळ न चुकवता. नाक दाबून, समजावून, लाडीगोडी लावून औषध पाजणारं माणूस रोज लागतं. एका रविवारच्या लाडवांनी त्या माणसाचा भार हलका होत नाही.

चर्चचं म्हणाल तर, जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा केनियाभर एआरव्ही, म्हणजे एचआयव्ही काबूत ठेवणाऱ्या गोळ्यांची चिंता पसरली. कुणाच्याच पाठीशी इतकं बळ नाही की ते कायम पुरेल.

म्हणून माझं मागणं एवढंच. शिल्लक एकदम न देता वर्षभर दरमहा द्यावी, आणि कशासाठी ते त्यांनीच सांगावं. मुलांना जरूर नेऊ, पण फोटो नको. स्मरणिकेत चेहरा छापला की त्या मुलाचा आजार आपण गावाला सांगितला. तो कुणाला, कधी सांगायचा हे त्याने मोठं होऊन ठरवायचं. आणि ‘पालवी’साठी मी स्वतंत्र वर्गणी काढायला तयार आहे, पहिली माझी.

प्रेषक: अप्पा

ताई, सिरपाचं वाचून थांबलो. नातीला साधं तापाचं औषध पाजताना घर डोक्यावर घेतो आम्ही. फोटोचं पटलं. पालकांशी मी बोलतो. ‘पालवी’च्या यादीत दुसरं नाव माझं लिहा.

प्रेषक: सचिव

मंजूर. स्मरणिकेतलं ते पान काढलं. ताई, सोमवारी तुम्हीच न्युम्बानीला फोन करून त्यांना काय लागतं ते विचाराल का? लाडवांचंही विचारा, मुलांना चालतात का, आणि कुठल्या वेळी आलं तर त्यांच्या औषधांच्या वेळेत अडथळा होणार नाही.