मदत हवी आहे: लहान हातांसाठी ई स्केलची बासरी

मुलगी १० वर्षांची आहे, G (जी) स्केलच्या बासरीवर छान वाजवते, आता क्लासमध्ये ई स्केल (सूर खालचा, म्हणून बासरी लांब आणि भोकं जास्त अंतरावर) घ्यायला सांगितलीये पण तिची खालच्या हाताची अनामिका सहाव्या भोकापर्यंत नीट पोचतच नाही, कडेने हवा निसटते आणि सगळी भोकं बंद करून लागणारा पंचम (खालचा प) फाटतो. बोटांची टोकं न लावता मधली पेरं सपाट ठेवून बघितलं, वरची तीन झाकली जातात, सा मस्त लागतो, पण खाली ताण येतोच आणि मनगट दुखायला लागतं, त्याची मला जास्त काळजी वाटते.

सहावं भोक सरळ रेषेत न ठेवता थोडं बाजूला पाडून मिळतं का कुठे? लांबीत न हलवता नुसतं बाजूला घेतलं तर सूर बदलायला नको. पुण्यात असं करून देणारे कारागीर कोणाला माहितीयेत का, की हात वाढेपर्यंत G वरच थांबू? लहान मुलांना शिकवणाऱ्यांनी प्लीज सांगा.