प्रेसनोटच्या पुढची गुन्हे पत्रकारिता: सुरुवात कोठून करावी?

तालुका_बातमीदार
मी गेली सहा वर्षे एका जिल्हा दैनिकात गुन्हे वार्ताहर आहे. रोज सायंकाळी पोलिसांच्या व्हॉट्सॲप समूहावर प्रेसनोट येते, सोबत छायाचित्र असते (बुरखे घातलेले आरोपी खाली बसलेले, मागे पथक उभे) आणि अर्ध्या तासात त्याची बातमी होते. चार वर्षांपूर्वी 'दरोड्याच्या तयारीत' पकडलेल्या पाच जणांची बातमी मी तीन कॉलमी दिली होती. गेल्या महिन्यात ते पाचही जण निर्दोष सुटले, तेव्हा त्या निकालाला आतल्या पानावर जेमतेम चार ओळी मिळाल्या, त्याही मी भांडून घेतल्या म्हणून. कारागृह, जामीन, जात या विषयांवर सलग काम करायचे असेल तर सुरुवात कोठून करावी, आणि त्यावर पोट भरते का?

निवृत्त_उपसंपादक
केवळ याच विषयावर जिल्ह्याच्या ठिकाणी पोट भरणे अवघड आहे, त्यामुळे नोकरी सोडू नका. एक वही मात्र घाला. आपण छापलेल्या प्रत्येक अटकेचा गुन्हा रजिस्टर क्रमांक (म्हणजे एफआयआर क्रमांक), पोलीस ठाणे आणि वर्ष तिच्यात टिपून ठेवा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर एफआयआर क्रमांकावरून खटला शोधता येतो, आणि पुढची तारीख व आदेश तेथे विनामूल्य पाहायला मिळतात. महिन्यातून एकदा ही वही उघडली तरी चार बातम्या हाती लागतील, कारण त्या तारखांना न्यायालयात दुसरा वार्ताहर सहसा नसतो.

फौजदारी_वकील
यात एक भर घालतो. आरोपपत्र आणि जामिनाचा आदेश मुळातून वाचण्याची सवय लावा. सरकारी वकिलांनी व्हरांड्यात सांगितलेला सारांश म्हणजे आदेश नव्हे. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ने, तर बालकाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ने मनाई आहे. नाव गाळून गाव, शाळा आणि वडिलांचा व्यवसाय छापणारे वार्ताहर आपण कायदा पाळला असे समजतात, पण गावाला तेवढे पुरते. शिवाय प्रेसनोटमधला 'सराईत' हा शब्द तसाच उचलू नका. आधी दोषसिद्धी झाली आहे का, हे एकदा विचारून पाहा.

कारागृह_वाचक
'सराईत' या शब्दावरून पत्रकार सुकन्या शांता यांचे काम आठवले. तुरुंगात सफाई कोणी करायची आणि स्वयंपाक कोणी, हे जातीवरून ठरते, आणि अनेक राज्यांच्या नियमावल्यांतच ते लिहिलेले आहे, हे त्यांनी डिसेंबर २०२०मध्ये 'द वायर' या वृत्तसंकेतस्थळावर मांडले. राजस्थान उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि २०२१मध्ये तेथील नियम बदलले. बाकी राज्ये हलली नाहीत, म्हणून त्या स्वतः याचिकाकर्त्या होऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढायला लावला आणि विमुक्त जमातींच्या (ब्रिटिशांनी जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या, पारध्यांसारख्या) लोकांना मनमानी अटक होऊ नये, असेही पोलिसांना बजावले. बातमीदाराने स्वतः याचिका करावी का, यावर मतभेद असू शकतात (मला स्वतःला ते पूर्ण पटलेले नाही), परंतु त्या कामाचा पाया म्हणजे कैद्यांचे अनुभव नियमावलीतील कलमांशी ताडून पाहणे, आणि ते जिल्ह्यात बसूनही करता येते.

तालुका_बातमीदार
सर्वांचे आभार. आज जुने कात्रण काढून पाहिले. 'सराईत टोळी जेरबंद' हे शीर्षक मीच दिले होते. निकालपत्रानुसार पाचांपैकी तिघांवर त्यापूर्वी एकही गुन्हा नव्हता, आणि ते तिघेही पारधी वस्तीतले आहेत. त्या वस्तीवर परवा जाणार आहे. कात्रण सोबत न्यावे की नाही, ते अजून ठरत नाही.

निवृत्त_उपसंपादक
न्या. त्यांच्याकडेही ते असण्याची शक्यता आहे.